शिवलेलं लुगडं

रंभा गेली हे मला मंगळवारी सकाळी पावणेआठला कळलं. मी वाडीत केळींना पाणी सोडत होतो. चार दिवस ती वसईला दवाखान्यात होती. आदल्या संध्याकाळी डॉक्टर म्हणाले की ताप उतरलाय, म्हणून मी घरी आलो होतो. मुलगा प्रितेश तिच्याजवळ होता. फोन त्याचाच. "बाबा, आई गेली," एवढंच म्हणाला. मी मोटार बंद केली. वाफा अर्धा भिजला होता. त्या दिवशी माझ्या हातून नीट झालेलं काम तेवढंच.

रंभाला घेऊन गाडी साडेअकराला आली. तोपर्यंत आमची आळी जमली होती. आम्ही गास गावात खाडीकडच्या अंगाला राहतो. शेजारच्या वाडीचा प्लासिड ख्रिस्ती, माझा शाळेपासूनचा सोबती. त्याने आपल्या बेटातले दोन बांबू तोडून आणले आणि एका शब्दाने काही न विचारता तिरडी बांधायला बसला. रंभाची धाकटी बहीण वसुंधरा भुईगावाहून आली. तिने माहेरचं म्हणून हिरवं लुगडं आणलं होतं. नवऱ्याच्या आधी जाणाऱ्या बाईला माहेरचं हिरवं लागतं.

रंभाने एकच गोष्ट मागून ठेवली होती. ती नऊवारी लुगडं नेसणारी आळीतली शेवटची बाई. आळीत कोणी सवाष्ण गेली की तिला लुगडं नेसवायला रंभालाच बोलवायचे. तीस-पस्तीस वर्षं तिने ते केलं. प्लासिडच्या मायलाही पेटीत ठेवायच्या आधी तिनेच नेसवलं होतं. नेसवून आली की अंगणात डोक्यावरून पाणी घ्यायची आणि जेवताना मला सांगायची, आज अमकी जड होती, तमकीचा पाय वाकत नव्हता. मग म्हणायची, "मना शिवलेलं घालू नका हां. नेसवा. लुगडं अंगाला गुंडालायचं असतं. अंग लुगड्यात कोंबायचं नसतं."

प्रितेशने ऐकलं होतं, सून रीमाने ऐकलं होतं, मी तर कित्येकदा ऐकलं होतं.

शिवलेलं म्हणजे काय ते सांगतो, कारण त्याची सुरुवात आमच्याच ओटीवर झाली.

आमच्याकडे लुगडं पोटरीच्या वर नेसत. त्याला कारण चिखल. भातलावणीला, मिठागरात, खाडीच्या काठाने कापड खाली आलं की बाईला काम करता येत नाही. म्हणून निऱ्या दोन पायांमधून आवळून मागे खोचायच्या, त्याला कास म्हणायचं. शोभेसाठी त्यात काही नव्हतं. मग कोणाला तरी ते शोभेचं वाटलं. शाळांच्या गॅदरिंगमध्ये कोळीनाच आणि शेतकरीनाच बसवायला लागले आणि त्यात मुलींना लुगडी हवी झाली.

तेवीस वर्षांपूर्वी नालासोपाऱ्याच्या एका शाळेत चोवीस मुलींचा नाच होता. तो बसवणारी विनिता. मूळची साताऱ्याकडची, नवरा सरकारी नोकरीत, पश्चिमेला फ्लॅट. तिने रंभाला बोलावलं. रंभा पहाटेपासून चोवीस पोरींना नेसवत होती. दहा-बारा वर्षांच्या पोरी, कंबरेला हाड नाही, गाठ थांबेना. ऐन नाचात तिसऱ्या रांगेतल्या एकीची कास सुटली. नऊ वार कापड पायात घेऊन ती पोरगी रडत नाचत राहिली आणि खाली बसलेले आईबाप हसत होते. रंभाने आत जाऊन तिला उचलून आणलं. घरी आल्यावर ती जेवली नाही.

पुढच्या वर्षी विनिता टेप, खडू आणि टाचण्यांची डबी घेऊन आमच्या ओटीवर आली. चार दिवस रंभा मध्ये उभी आणि ही तिच्याभोवती गुडघ्यांवर. किती निऱ्या, केवढी एक निरी, कास कुठे वळते, सगळं वहीत उतरवलं. पाचव्या दिवशी शिवून आणलं. दोन पाय घालायचे, कंबरेला इलॅस्टिक, निऱ्या शिवलेल्या, मागे चेन.

"अगो, माझ्या लुगड्याची विजार केलीस!" रंभा म्हणाली.

"काकू, आता भूकंप झाला तरी सुटणार नाही बघा," विनिता म्हणाली.

दोघी हसल्या. मीही हसलो. चहा मीच आणून दिला होता.

पहिल्या वर्षी कापड सुती होतं. दुसऱ्या वर्षी सॅटिन आलं, कारण स्टेजच्या दिव्यांत सुती मळकट दिसतं म्हणे. मग निऱ्यांच्या आतून कडक जाळी लावली, कारण पोरीने गिरकी घेतली की घेर उडायला हवा. लुगडं उडू नये म्हणून आमच्या बायका जन्मभर ते आवळत आल्या. मग टिकल्या आल्या, मग सोनेरी लेस, मग पदर वेगळा शिवून खांद्याला चिकटपट्टी. विनिताने नाच बसवणं सोडलं आणि ड्रेपरी टाकली, म्हणजे नाचानाटकाचे कपडे भाड्याने द्यायचं दुकान. गॅदरिंगच्या पोरी मोठ्या झाल्या, त्यांची लग्नं निघाली, हळदीला नाच आलाच, तर हळदीला तेच कपडे. पुढे लग्नालाही तेच. पुढे नवरीची आई, नवऱ्याची आई, करवल्या, सगळ्या एका रंगात. आता विनिताच्या दुकानात काचेमागे बिनडोक्याचे पुतळे उभे आहेत आणि पाटीवर 'पारंपरिक' असं लिहिलंय. तो शब्द मी रंभाच्या तोंडून कधी ऐकला नाही.

एका पुतळ्याखाली 'लावणी' अशी चिठ्ठी असते. माझ्या लहानपणी जत्रेला तमाशा यायचा. तेव्हा आळीतल्या बायकांना एखादीला झोंबेल असं बोलायचं असलं की म्हणायच्या, "तमाशातल्या बाईगत नेसलीय." आता त्यांच्या नाती दुकानात जाऊन तोच घेर मागतात आणि अंगठ्याने फोन चाळत फोटो दाखवतात, असाच हवा. तमाशातल्या बायकांना मी नावं ठेवत नाही. त्या खरंखुरं लुगडं नेसून तास-तास नाचायच्या आणि निरी हलायची नाही. त्यांच्याकडून घ्यायचं ते कोणी घेतलं नाही, चकाकणं तेवढं घेतलं.

प्लासिड म्हणायचा, "आमच्या सनाला पन तेच. पोरी मायसारखं लाल लुगडं घालून नाचतात आनि मागं पँटची चेन."

तर त्या मंगळवारी. आत बायकांनी रंभाला न्हाऊ घातलं. आम्ही पुरुष अंगणात. पंधरा-वीस जण असतील. बराच वेळ आतून कुजबुज येत राहिली. मग रीमा दारात आली. तिचे हात ओले होते. ती विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, दवाखान्याच्या औषधाच्या काउंटरवर नोकरी करते. बारा वर्षं आमच्या घरात आहे.

"बाबा," ती म्हणाली, "लुगडं नेसवायला कोणालाच येत नाहीये. मावशींनाही नाही. आम्ही दोनदा करून बघितलं, सुटतंय. तुम्ही आईंना नेसताना बघितलं असेल ना? पहिली गाठ कुठे मारायची तेवढं तरी सांगा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक जण खाकरला. बायकोला लुगडं कसं नेसवायचं हे म्हाताऱ्याला विचारतेय म्हणून कोणाच्या तरी ओठाचा कोपरा हलला. मला तो दिसला.

मी म्हटलं, "बायकांचं काम आहे ते. मला काय विचारतेस? करा काय करायचं ते."

मला येत होतं.

प्रितेश पाच वर्षांचा असताना रंभा विहिरीच्या काठावर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर होतं. माझी आई तेव्हा नव्हती. शेजारणीला रोज सकाळी बोलवायची रंभाला लाज वाटे. म्हणून दार लावून मी नेसवायचो. पहिले आठ दिवस तिने मला शिव्या घातल्या. "अवो, बैल बांधताय का? श्वास घेऊ द्या." मग म्हणायची, "आता सैल झालं. असं गेले तर लुगडं खळ्यात सोडूनच येईन." पंधराव्या दिवशी तिने खाली पाहिलं, मागे हात फिरवून पाहिलं आणि काही बोलली नाही. म्हणजे बरोबर झालं होतं. प्लास्टर निघाल्यावरही कधी घाई असली की कास मी मारून द्यायचो. हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आळीने मला बायल्या म्हणून जन्मभर चिडवलं असतं, म्हणून तिने माझी अब्रू राखली. निजलेल्या अंगाला कसं नेसवतात तेही तिने मला जेवताना इतक्यांदा सांगितलं होतं की मी डोळे मिटून केलं असतं. आधी कुशीवर वळवायचं, मागची घडी आधी घालायची, गाठ डावीकडे.

पंधरा पावलं चालून आत जायचं होतं. बायकांना बाहेर काढायचं होतं आणि दार लावायचं होतं. मी प्लासिडने बांधलेल्या बांबूच्या दोऱ्या उगाच ओढून पाहत बसलो.

रीमाने विनिताच्या दुकानात फोन लावला. विनिता पुण्याला गेली होती. दुकानातल्या बाईने सांगितलं, हिरव्यात मोठ्या मापाचं एकच आहे, भाड्याच्या नाचाच्या कपड्यांतलं. शेजारची पिंकी स्कूटरवर जाऊन घेऊन आली. ती पिशवी घेऊन माझ्या अंगावरून आत गेली तेव्हा मला त्याचा वास आला. घाम, पावडर आणि त्यावर मारलेलं अत्तर. ते कपडे पाण्यात घालत नाहीत, लेस काळी पडते म्हणून. उन्हात टाकतात आणि पुढच्याला देतात. किती पोरी त्यात नाचल्या असतील कोण जाणे.

तोवर रंभा ताठ झाली होती. विजारीत पाय जाईनात. दार अर्धवट लोटलेलं होतं, मला वसुंधराचा आवाज ऐकू आला, "मागनं फाडा गो. मागचं कोनाला दिसतंय?" मग कात्री चालली. जाळीतून कात्री जाते तेव्हा करकर आवाज होतो.

बाहेर आणली तेव्हा वरून माहेरचं लुगडं पांघरलेलं होतं, त्यामुळे आळीला काही दिसलं नाही. पायाशी तेवढी सोनेरी लेस बाहेर आली होती. मी वाकून ती आत सारली. बोटाला टिकली चिकटली. धोतराला पुसली तरी ती जाईना.

स्मशानात वरची वस्त्रं काढतात. मला ते माहीत होतं, पण त्या वेळी डोक्यात आलं नाही. काढली आणि रंभा सगळ्यांसमोर तशी पडली. अडुसष्ट वर्षांची बाई. अंगावर चकचकीत हिरवं सॅटिन, कंबरेला ढिलं इलॅस्टिक, पोटावर टिकल्यांचा मोर. कंबरेच्या पट्टीवर काळ्या शाईने सतरा आकडा घातलेला, सतरा नंबरच्या पोरीचा. मागून फाडलेलं असल्यामुळे एका बाजूने ते वर आलं होतं.

मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "आयला, ही तर गॅदरिंगची."

"गप रे," दुसरा म्हणाला, पण तोही बघत होता.

प्रितेशने अग्नी दिला. सुती कापडाची राख होते. हे जळलंच नाही. ते आकसलं, उकळलं, आणि थेंब थेंब गळायला लागलं. प्रत्येक थेंब आवाज करत खाली पडत होता. धूर काळा निघाला. त्याचा वास टायरच्या वासासारखा. प्लासिडने तोंडाला रुमाल लावला आणि मी पाहिलं असं दिसल्यावर लगेच काढला. मी तिच्यासाठी रडायला हवं होतं. मला उलटी येत होती.

तिसऱ्या दिवशी मी आणि प्रितेश अस्थी गोळा करायला गेलो. प्लासिड रस्त्यावर गाडीत बसून राहिला. राखेत हात घातला तर हाडांना काहीतरी चिकटलेलं. हिरवट-काळं, वर काचेसारखं. एका तुकड्यात चेनचे दात अडकले होते.

"बाबा, हे काय आहे?" प्रितेशने विचारलं.

"लेस," मी म्हटलं.

मी नखाने खरवडलं. निघेना. दगडाच्या कडेने खरवडलं, तर हाडाचा चुरा झाला आणि प्लास्टिक तसंच राहिलं. प्रितेशने माझा हात धरला. "पुरे, बाबा." आम्ही ते तसंच मडक्यात भरलं. दहाव्याला खाडीत सोडलं. हाडं बुडाली. एक हिरवा तुकडा वर आला आणि भरतीच्या पाण्याबरोबर काठाला येऊन लागला. मी पाण्यात उतरून तो उचलला. फेकायचा कुठे कळेना. खिशात घालून घरी आणला आणि चुलीत टाकला. पुन्हा तोच वास घरभर झाला.

दहाव्याच्या जेवणाला वसुंधरा पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "मरताना पन सासूला इलॅस्टिकवर धाडली. नाचायलाच चालली होती जशी."

वाढता वाढता रीमा थांबली. "मावशी, तुम्हाला येत होतं का नेसवायला?"

"मी बहीन. शिकायचं सुनेनं असतं. बारा वर्षं काय केलंस घरात, मोबाइल बघत बसलीस?"

"नोकरी करत होते."

"हां. मग नोकरीवाल्यांनाच बोलवायचं होतं तिला न्यायला."

बायका हसल्या. मयताच्या घरात दहाव्याला हसतात तसं, तोंडावर पदर घेऊन. वसुंधरा स्वतः तीस वर्षं गोल साडी नेसते. मागून फाडायचं तिनेच सुचवलं होतं. मला ते सगळं ठाऊक होतं. मी पानातला भात कालवत राहिलो. रीमाने माझ्या पानात डाळ वाढली. थोडी डाळ पानाबाहेर गेली. मी म्हटलं, "बघून वाढ." त्या दिवशी मी तिच्याशी तेवढंच बोललो.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी विनिता आली. डोळे सुजलेले, हातात मोसंब्यांची पिशवी आणि एक फोटो. फोटोत रंभा आमच्या ओटीवर उभी, अंगभर टाचण्या टोचलेल्या, आणि हसतेय. बावीस वर्षांपूर्वीचा. फोटो बरा होता. तो काढल्याचं मला आठवतही नव्हतं.

"काका, मी पुण्याला होते हो. कालच आले," ती म्हणाली. "काकू नसत्या तर माझं दुकान नसतं. मी एक ठरवलंय, तुमची परवानगी हवी. दिवाळीला नवीन पॅटर्न काढतेय. त्याला काकूंचं नाव द्यायचं. रंभा पॅटर्न. पुतळ्याशेजारी हा फोटो लावेन. लोकांना कळू दे हे कुठून आलं ते."

माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. मी तिला सगळं सांगितलं. कुठला शब्द गाळला नाही. पिशवीचा वास, कात्री, सतरा नंबर, पोटावरचा मोर, थेंब, हाडांना चिकटलेलं. ती ऐकत होती आणि तिचा रंग उतरत होता. शेवटी तिने तोंडावर हात धरला.

"मला माहीत नव्हतं. देवाशप्पथ माहीत नव्हतं. मी इथे असते तर..."

"तर काय? नेसवलं असतंस?"

"नाही," ती म्हणाली. "मला नेसवता येत नाही, काका. मी मापं घेतली. नेसायला शिकलेच नाही. कधी गरजच पडली नाही."

"बावीस वर्षं तिच्या लुगड्यावर जगलीस."

"हो." तिने मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, टोचायला नव्हे, खरंच कळत नव्हतं म्हणून, "पण एवढ्या आळीत एकालाही येत नव्हतं?"

रीमा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने ते ऐकलं. कप खाली ठेवत ती म्हणाली, "नाही हो ताई. कोणालाच नाही. चूक माझी. मीच शिकून घ्यायला हवं होतं आणि दुकानात फोनही मीच केला."

विनिता माझ्याकडे बघत होती. रीमाही बघत होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. हसायला आळी नव्हती, प्लासिड नव्हता, वसुंधरा नव्हती. तोंड उघडण्याइतकं सोपं काम होतं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "चहात साखर कमी आहे."

रीमा साखर आणायला आत गेली.

विनिताला मी नाव द्यायची परवानगी दिली नाही. ती रडत गेली. फोटो मात्र ठेवून गेली. रात्रीपर्यंत मला बरं वाटत होतं, तिला ऐकवल्याचं. मग वाटेना. ती निदान नाही येत म्हणाली. जे खरं होतं ते म्हणाली.

याला आता चार महिने झाले. नवरात्रात आळीत एका घरी हळदीकुंकू होतं. रीमाला बोलावणं होतं म्हणून ती गेली. सगळ्या बायकांनी एका रंगाचे शिवलेले कपडे घातले होते, जाळीचे, टिकल्यांचे, घेर उडणारे. त्यातलीच एक तिला म्हणाली, "काय गो रीमा, तू नाय घातलंस? तुमच्याकडं तर मेल्यावर पन घालतात." ती हळदीकुंकू न घेता परत आली आणि भांडी घासत बसली. प्रितेशने विचारलं काय झालं, तर म्हणाली डोकं दुखतंय. तेव्हापासून ती कोणाच्या कार्याला जात नाही. देवळात जाते तेही दुपारी, कोणी नसताना. प्रितेश मला म्हणाला, "बाबा, लोक विसरतील." लोक असलं काही विसरत नाहीत. त्यांना तोंडी लावायला काहीतरी लागतं आणि ते त्यांना माझ्याच घरातून मिळतंय.

गेल्या रविवारी दुपारी मी वाडीतून लवकर परत आलो. रीमाच्या खोलीचं दार लावलेलं होतं, खिडकी उघडी होती. तिने वसईच्या बाजारातून सुती लुगडं आणलं होतं, साधं, हिरव्या काठाचं. पलंगावर लोड आडवा ठेवून त्याच्याखाली दोन उशा पायांसारख्या लावल्या होत्या. फोन भिंतीला टेकवून त्यात कुठली तरी बाई दाखवत होती तसं ती करत होती. पण फोनमधली बाई उभ्या माणसाला नेसवत होती. रीमा लोड वळवायची, गाठ मारायची, निऱ्या घालायची, आणि कास ओढली की सगळं सुटून तिच्या हातात यायचं. ती पुन्हा घडी घालायची. आवाज न करता. तीनदा सुटलेलं मी पाहिलं. चौथ्यांदा तिने लुगडं तोंडाला लावलं आणि तशीच बसून राहिली.

ती गाठ उजवीकडे मारत होती. मागची घडी शेवटी घालत होती. चूक एवढीच होती, आणि ती मला खिडकीतून दिसत होती. मी खिडकीपासून बाजूला झालो, माझी सावली आत पडू नये म्हणून, आणि विहिरीवर जाऊन हातपाय धुतले.

काल रविवार नव्हता, तरी ती कामावरून आल्यावर पुन्हा दार लावून बसली होती.

लुगडं मला नेसवता येतं हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.